डोक्यावरची जागा

तुम्ही माझी चित्रं पाहिलेली आहेत. माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, पण चित्रं नक्की पाहिलेली आहेत. शाळेत पचनसंस्था शिकला असाल तर पोट उघडं टाकूनही हसऱ्या चेहऱ्याने समोर बघणारा जो गृहस्थ होता, तो माझा. दात कसे घासावेत हे दाखवणारी मुलगी माझी. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत समोरच्या भिंतीवर जो माणूस तुमच्याकडे बघून खोकत होता, तोही माझाच. शिवाय कथा, कादंबऱ्या, मासिकं, दिनदर्शिका. चौतीस वर्षं मी लोकांच्या मजकुराला चित्रं काढतो आहे आणि या धंद्यात माझा बऱ्यापैकी दबदबा आहे. म्हणजे संपादक माझ्याशी अदबीने बोलतात आणि चित्र उद्या सकाळी हवं असेल तर आज दुपारीच कळवतात.

तेव्हा तक्रार अशी नाही. पण चौतीस वर्षांत माझ्या चित्राकडे कुणी चित्र म्हणून बघताना मी बघितलेलं नाही. लोक चित्रावर एक नजर टाकतात आणि लगेच शेजारचं वाचायला लागतात. एकदा बसमध्ये माझ्या शेजारच्या बाई मी सजवलेलीच गोष्ट वाचत होत्या. मी श्वास रोखून बसलो. बाईंनी पूर्ण तीन पानं नायिकेच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून वाचली. त्या उतरल्यावर मीही एक थांबा आधीच उतरलो आणि चालत घरी गेलो.

मला आयुष्यात एकदाच, एक माणूस माझ्या एका चित्रासमोर, काहीही न वाचता, नुसता उभा राहिलेला बघायचा होता. हे मी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला कुठलीही इच्छा मोजमापात लागते.

"किती वेळ उभा राहायला हवा?" तिने विचारलं.

"एक मिनिट तरी," मी म्हणालो.

"एक मिनिट म्हणजे खूप झालं हो," ती म्हणाली. "वर्गात एक मिनिट शांतता ठेवून बघा म्हणजे कळेल."

तर या एका मिनिटासाठी मी गेली सहा वर्षं रविवारी मागच्या खोलीत तैलचित्रं रंगवत होतो. मोठी, चांगली पाच फूट उंच. सगळी माणसांची. आणि माणसं कुठली, तर आमच्याच इमारतीतली. आमच्या धंद्यात चेहरे बाहेरून आणत नाहीत. गोष्टीत म्हातारा आला की बाल्कनीत जायचं, खालून जो म्हातारा जात असेल तो घ्यायचा. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी अकरा वर्षांपूर्वी एका आरोग्यपुस्तिकेत 'अपचनाने त्रस्त इसम' म्हणून येऊन गेले, हे त्यांना अजून माहीत नाही. बायकोचे हात तर मी इतक्या नायिकांना लावलेत की तिलाच आता कुठला हात आपला, ते आठवत नाही. चेहरा मात्र तिचा कधी घेतला नव्हता. संपादकांना नायिका वीस वर्षांची लागते आणि बायको कधीच नेमकी त्या वेळी वीस वर्षांची नसायची.

एके दिवशी गॅलरीच्या बाईंचा फोन आला. या बाई गावातलं एकमेव बरं दालन चालवतात आणि फार हळू बोलतात, त्यामुळे त्यांचं सगळंच गंभीर वाटतं. एका शिल्पकाराचं प्रदर्शन रद्द झालं होतं, कारण त्याचं मुख्य शिल्प दारातून आत येईना आणि तो ते कापू देईना. पाच आठवड्यांनी दालन रिकामं पडणार होतं.

"सर, तुमच्याकडे दहा मोठी तैलचित्रं तयार आहेत का?"

"आहेत," मी म्हणालो.

सहा होती. हा खोटेपणा नव्हे, ही सवय आहे. आमच्यात आधी हो म्हणायचं असतं आणि फोन ठेवल्यावर घाबरायचं असतं. मी चौतीस वर्षं असाच जगलो आहे आणि एकही काम एका दिवसानेसुद्धा उशिरा दिलेलं नाही. पाच आठवड्यांत चार चित्रं म्हणजे माझ्या दृष्टीने सुट्टीच होती. दहावं चित्र बायकोचं, चेहऱ्यासकट. निळ्या झग्यात, खिडकीशी बसून वह्या तपासताना. ते मी उद्घाटनाच्या बरोबर चार दिवस आधी पूर्ण केलं, ब्रश धुतला आणि वेळेवर काम संपवल्याच्या समाधानात चहा मागितला.

"वाळलं का?" बायकोने विचारलं.

शाई वाळते. जलरंग तर निरोप्या जिन्यात असतानाच वाळतो. पण तैलरंगाला कुणी संपादक नसतो. त्याला महिना लागला तर लागला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पाच आठवड्यांच्या हिशेबात मी फक्त माझे दिवस धरले होते, रंगाचे धरलेच नव्हते.

ही बातमी फुटली आणि तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर वर आले. ते निवृत्त आहेत. पूर्वी पूल बांधायचे, आता आमच्याकडे येतात. त्यांनी चित्राचा लांबूनच वास घेतला आणि म्हणाले, "आर्टिस्ट, हा हवेच्या प्रवाहाचा प्रश्न आहे." मग त्यांनी स्वतःचा टेबलफॅन आणला आणि तो पंचेचाळीस अंशांत लावला. दुपारपर्यंत खोलीतली सगळी धूळ व्यवस्थित प्रवाहात येऊन चित्रावर बसली. एक चिलट बायकोच्या कपाळावर चिकटलं.

बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मला तिथे तीळ नाही."

मी चिमट्याने तीळ काढला. पंखा खाली गेला. रंग होता तसाच ओला राहिला.

आता चित्रं इमारतीबाहेर न्यायची, म्हणजे सेक्रेटरींची परवानगी लागणार. आमच्या सेक्रेटरींना नियमांची आवड आहे असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. त्यांना सुबक छापलेल्या अर्जांची आवड आहे, नियम त्यातून आपोआप तयार होतात. जिन्याखाली त्यांचं टेबल आहे. तिथे ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसतात आणि समोर उभा राहणारा प्रत्येक माणूस काहीतरी तक्रार घेऊनच आलेला असतो. कधी पाणी आलेलं नसतं, कधी वरच्यांचं पाणी खाली आलेलं असतं.

त्यांनी मला 'सामान बाहेर नेण्याचा अर्ज' दिला. त्यात तीन चौकोन होते. एक, घरसामान (जागा सोडून जाणाऱ्यांसाठी). दोन, बांधकामाचा राडारोडा. तीन, इतर.

"मी 'इतर'वर खूण करतो," मी म्हणालो.

"करा की. 'इतर' असेल तर विषय समितीच्या बैठकीत जातो."

"बैठक कधी आहे?"

"पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला."

"माझं प्रदर्शन शुक्रवारी आहे हो."

"मग 'घरसामान' करा. पण मग तुम्हाला जागा सोडावी लागेल." हे ते चिडवायला म्हणाले नाहीत. त्यांनी खरोखर सहानुभूतीने माझ्याकडे बघितलं. मग बराच विचार करून त्यांनी पेन दुसऱ्या चौकोनावर टेकवलं. "माझं ऐका आर्टिस्ट. राडारोडा म्हणून न्या. त्याला फक्त माझी सही लागते."

सहा वर्षांच्या साधनेवर मी माझ्या हाताने 'बांधकामाचा राडारोडा, नग दहा' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही मात्र कोपऱ्यात तिरकी केली, चित्रावर करतो तशी. तेवढाच बाणेदारपणा.

राडारोड्याचे नियम मागच्या पानावर होते. तो सकाळी दहा ते बारा या वेळेतच न्यायचा. झाकून न्यायचा. आणि लिफ्टने न्यायचा नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

बुधवारी दहा वाजता मिरवणूक निघाली. पुढे बायको, वाहतूक नियंत्रणाला. मागे टेम्पोवाले दोघे, दर फेरीला एकेक चित्र धरून. मध्ये इंजिनिअर, हातात फूटपट्टी घेऊन, वळणं मोजत. सगळ्यात शेवटी मी, ओलं चित्र कशालाही लागणार नाही असं लांब धरून, नाकासमोर फक्त कॅनव्हासची पाठ. ते चित्र झाकता येत नव्हतं, कारण झाकलं की चादर चिकटणार. दर मजल्यावर दारं उघडत होती. एका शेजारणीने सांगितलं की आडवं धरा. दुसरीने सांगितलं की उभं धरा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "बाथरूम फोडलंत का?" आणि मी 'हो' म्हणालो, कारण खरं सांगायला जिन्यात जागा नव्हती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरी वही घेऊन उभे होते. नग मोजायला. मी ओलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुढे जाऊन अडकलेलं नववं चित्र टेम्पोवाल्यांना सोडवून देऊ लागलो. नववं सुटलं, पण ते जायला वाट हवी, म्हणून सेक्रेटरी शिष्टाचाराने दोन पावलं मागे सरकले आणि आरामात भिंतीला टेकले.

ती भिंत नव्हती.

"नऊ," ते म्हणाले. वहीत लिहिलं. "दहावा कुठाय?"

"तुमच्या मागे," बायको म्हणाली.

ते वळले, चित्राकडे न बघता नुसती चौकट मोजली, "दहा" म्हणाले, आमच्या डोळ्यांदेखत वही मिटली आणि खाली उतरून बाहेर निघून गेले. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवर माझ्या बायकोचा उजवा हात होता. निळ्या बाहीसकट, कोपरापासून बोटांपर्यंत, अगदी मायेने ठेवलेला. मी हाक मारायला पुढे झालो. इंजिनिअरांनी माझा दंड धरला आणि कानात सांगितलं, "आता हाक मारू नका. ठसा उत्तम उमटलाय, धावपळीत फिसकटेल."

त्या पाठीसह सेक्रेटरी बँकेत गेले, वीज कचेरीत गेले, इमारतीच्या टाकीचं काम ज्याला द्यायचं होतं त्या कंत्राटदाराला झापून आले आणि दुपारी जेवायला घरी गेले. घरी त्यांच्या पत्नी असतात, आणि त्या जेवताना वाढायला मागून येतात. पुढचं मला पहिल्या मजल्यावरून कळलं. पहिल्या मजल्याने ते कान लावून ऐकलं होतं.

इकडे चित्रात माझ्या बायकोला एकच हात उरला होता. गॅलरीत पोचल्यावर मी रंग काढून गेलेला हात परत रंगवायला बसलो. ती शेजारी स्टुलावर कोपर वाकवून बसली. "चौतीस वर्षं हात वापरलेत," ती म्हणाली, "एकदाही परत देताना असा घोळ झाला नव्हता."

त्याच दुपारी चित्रं भिंतींवर लागली. इंजिनिअर स्वतःहून आले होते. त्यांनी पाणसळ लावून एकेक चौकट सरळ केली. शेवटी गॅलरीच्या बाई दालनाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सावकाश स्वतःभोवती फिरल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी एक फेरी पूर्ण केली. मग दुसरी.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "वरची जागा कशासाठी आहे?"

"कुठली वरची जागा?"

आणि मग मला दिसली. सहा वर्षं मी एका वेळी एकच चित्र बघत आलो होतो. दहा एकत्र कधी बघितलीच नव्हती. दहाही चित्रांत माणूस खाली होता आणि वरचा भाग मोकळा. नुसती भिंत, नुसतं आकाश, नुसता पडदा. बाई विचारत होत्या आणि ती जागा कशासाठी आहे हे या दालनात फक्त मला माहीत होतं. ती पुस्तकाच्या नावासाठी होती.

मुखपृष्ठ करताना वरची जागा सोडायची असते. तिथे पुस्तकाचं नाव येतं, त्याखाली लेखकाचं. हे हाताला इतकं मुरलं होतं की समोर पुस्तक नसताना, लेखक नसताना, प्रकाशक नसताना, स्वतःच्या मनासाठी रंगवतानासुद्धा मी सहा वर्षं इमानेइतबारे दुसऱ्या कुणाच्या तरी नावासाठी जागा सोडत आलो होतो.

तेवढ्यात इंजिनिअरांनी फूटपट्टी लावली. "कमाल आहे!" ते ओरडले. "दहाच्या दहा चित्रांत बरोबर एकतृतीयांश! फरक दोन सेंटिमीटरच्या आत! आर्टिस्ट, पुलावरसुद्धा इतकी अचूकता मिळत नाही."

मी स्टुलावर बसलो. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. "मी वर ढग काढतो," मी म्हणालो. "दोन दिवस आहेत."

"ढग नको," बायको म्हणाली. "तुम्हाला ढग येत नाहीत. आणि वाळायचे कधी?"

बाईंनीही मान हलवली. "राहू द्या सर," त्या म्हणाल्या. त्यांच्या हळू बोलण्यावरून ती दया होती की पसंती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी उद्घाटन झालं. लोक आले. जुने संपादक आले, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या आठवड्यातलं काम सांगितलं. मी एका खांबाशी उभा राहून मनातल्या मनात सेकंद मोजत होतो. प्रत्येक चित्राखाली बाईंनी एक चिठ्ठी लावली होती, रंगाचा प्रकार आणि मापं. सरासरी माणूस चित्राकडे चार सेकंद बघत होता आणि चिठ्ठीकडे अकरा. चिठ्ठीत तर फक्त 'तैलरंग, पाच फूट बाय चार फूट' एवढंच होतं. पण छापलेलं दिसलं की लोकांना वाचल्याशिवाय राहवत नाही.

एक जोडपं बायकोच्या चित्राशी थांबलं. मी मोजू लागलो. सात, आठ, नऊ. मग नवरा माझ्याकडे वळला. "छान आहे. पुस्तक कुठे मिळेल?"

"कुठलं पुस्तक?"

"याचंच. हे मुखपृष्ठ आहे ना?"

एका आईने आपल्या लेकीला सांगितलं, "बघ, पोट उघडं टाकलेला माणूस आठवतो का? तो या काकांनी काढलाय." लेक लगेच माझ्याकडे आदराने बघायला लागली. चित्राकडे तिची पाठ होती. शनिवारी सर्वात जास्त वेळ थांबलेला माणूस चौतीस सेकंद थांबला आणि नंतर कळलं की त्याला पंख्याखाली उभं राहायचं होतं. मी बायकोला म्हणालो की पुरे झालं, आपण रविवारी येऊ नये. ती म्हणाली, "प्रदर्शन रविवारपर्यंत आहे ना? मग रविवारपर्यंत यायचं." आणि स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली, परीक्षेला पहारा द्यावा तशी.

रविवारी अकराच्या सुमाराला सेक्रेटरी आत आले.

त्यांच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत घडी केलेला शर्ट. पुरावा. ते ओठ घट्ट मिटून चालत होते. आणि मला त्या क्षणी दुसरीच गोष्ट आठवली, जी शर्टापेक्षा वाईट होती. दालनातलं चौथं चित्र खुद्द त्यांचंच होतं. त्यांना न विचारता काढलेलं.

पहाटे पाणी सोडायच्या आधी ते पंपाच्या खोलीबाहेर बाकावर थोडा वेळ बसतात. त्यांना वाटतं कुणी बघत नाही. वही मिटून मांडीवर, चपला काढून बाजूला, हात नुसते सोडलेले, आणि त्या वेळी ते सेक्रेटरी नसतात, नुसते एक दमलेले गृहस्थ असतात. मी ते बाल्कनीतून किती वेळा पाहिलं होतं. तेच रंगवलं होतं. मी खांबामागे सरकलो. माणूस मोठा असतो आणि खांब त्या मानाने लहान, हेही तेव्हाच कळलं.

ते एकेका चित्रातले हात बघत पुढे येत होते, पिशवीशी ताडून. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथ्यापाशी आले आणि पिशवी उचलली, आणि ती तशीच अर्धवट हातात राहिली.

मी सवयीने मोजायला लागलो. पाच. दहा. चिठ्ठी खाली होती, पण आयुष्यभर अर्जाच्या मागची बारीक अक्षरंसुद्धा न चुकवणाऱ्या या माणसाने तिच्याकडे मान वळवली नाही. वीस. तीस. कुणीतरी त्यांच्यापुढून गेलं, ते हलले नाहीत. चाळीस झाले आणि माझा आकडा चुकला. मी परत मोजायला गेलो, पण मला मोजवेना. मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो.

शेवटी मीच खांबामागून बाहेर आलो.

"हा मी आहे ना?" त्यांनी न वळता विचारलं.

"साधारण तुम्हीच."

"साधारण काय? चपलेचा अंगठा तुटलाय तोसुद्धा दाखवलाय."

"विचारायला हवं होतं मी. चुकलं."

"अर्ज करायला हवा होता," ते सवयीने म्हणाले. मग बोट वर करून म्हणाले, "एवढी मोकळी जागा कशाला सोडलीत?"

आता मला काहीही सांगता आलं असतं. अवकाश म्हणता आलं असतं, शून्यता म्हणता आलं असतं. गॅलरीच्या बाई तर जवळच उभ्या होत्या, त्यांनी मान डोलावली असती. पण त्या माणसाच्या हातात शर्ट होता आणि माझ्यात खोटं बोलायचा जोर उरला नव्हता. "ती चूक आहे हो," मी म्हणालो. "पुस्तकाच्या नावासाठी जागा सोडायची सवय आहे. हात आपोआप सोडतो."

"चूक नका म्हणू." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "घरी आम्ही आठ जण आहोत, खोल्या दोन. खाली येऊन बसावं तर दर पाच मिनिटांनी कुणीतरी डोक्यावर येऊन उभं राहतं. तुम्हीसुद्धा येता." मी मान खाली घातली. "माझ्या डोक्यावर एवढी मोकळी जागा आजवर कुणी सोडली नाही, आर्टिस्ट."

मी त्यांचा हात धरला. मला फार बरं वाटलं, इतकं की तेवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा राडारोडा म्हणून सही केली असती. त्या मोकळ्या जागेत पहिल्यांदाच मला कुणाचंही नाव यायला नको होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बायकोचा आवाज आला, "चार मिनिटं वीस सेकंद!" तिच्या हातात घड्याळ होतं. ती शुक्रवारपासून मोजत होती.

दुपारी सेक्रेटरी परत आले, घरच्या सातही जणांना घेऊन. सगळ्यांनी मिळून पिशवीतला शर्ट माझ्या बायकोच्या चित्राला लावून पाहिला. हात जुळेना, कारण शर्टावर तो उलटा होता. इंजिनिअरांनी आरसा आणून सगळ्यांना समजावलं. मग सेक्रेटरींच्या पत्नींनी आधी चित्रातल्या हाताकडे बघितलं, मग माझ्या बायकोच्या खऱ्या हाताकडे, आणि म्हणाल्या, "अगं बाई, तुमचाच की!" आणि दोघी हसत सुटल्या. मी लेखी खुलासाही दिला. सेक्रेटरींनी तो घडी करून खिशात ठेवला, फाइलला लावायला.

चौथं चित्र त्यांना भेट द्यायचं मी कबूल केलं, पण त्यांनी हात जोडले. "घरात भिंत नाही हो रिकामी. तुमच्याकडेच राहू दे. मी येत जाईन."

सोमवारी टेम्पो चित्रं परत घेऊन आला. मी नाइलाजाने जिन्याखालच्या टेबलापाशी गेलो. सेक्रेटरींनी अर्ज पुढे केला. तिसऱ्या चौकोनाखाली शाईने, पट्टी लावून, चौथा चौकोन आखला होता. समोर लिहिलं होतं: 'चित्रे. लिफ्टने न्यावीत. पाठ टेकू नये.'

मी खूण केली आणि खाली, अगदी सरळ, सही केली. आता दर रविवारी सकाळी ते वर येतात. चपला दाराशी काढतात, वही टीपॉयवर ठेवतात आणि मागच्या खोलीत त्या चित्रासमोर खुर्ची घेऊन बसतात. बायको चहा ठेवून दार ओढून घेते. खाली कुणी त्यांना विचारत आलं तर आम्ही सांगतो की सेक्रेटरी कामात आहेत.